गवत कापायची जुनी यंत्रे आणि जीर्णोद्धाराचे पातक

इंग्लंडमध्ये हिरवळीवरचे गवत कापायची जुनी यंत्रे, म्हणजे जुने लॉनमोअर, जमवणाऱ्यांचा आणि ते पुन्हा चालते करणाऱ्यांचा एक पंथ आहे. पंथ हा शब्द मी गमतीने वापरत नाही. या मंडळींचा 'ओल्ड लॉनमोअर क्लब' १९९० साली स्थापन झाला, 'ग्रासबॉक्स' नावाचे त्याचे नियतकालिक आहे, मिल्टन कीन्सच्या संग्रहालयात त्यांचे मेळावे भरत आले आहेत, आणि साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावी तर केवळ लॉनमोअरना वाहिलेले एक संग्रहालयच आहे. ही माहिती कोणाही मराठी सुशिक्षितासमोर ठेवावी आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. आधी अविश्वास, मग हसू आणि शेवटी 'साहेबाला वेळ फार' अशा अर्थाचा शेरा ठरलेला. नाणी समजतात, टपालाची तिकिटे समजतात, जुन्या मोटारीही समजू शकतात. पण गवत कापायचे यंत्र?

या हसण्याचे उत्तर पुढे ओघात येईलच. माझे खरे भांडण हसणाऱ्यांशी नाही. ते या छंदातल्याच एका गटाशी आहे. जुने यंत्र हाती आले की त्याचा नट न् नट सुटा करायचा, सँडब्लास्टिंग करून रंगाचा आणि गंजाचा शेवटचा कण उडवायचा, वर झगझगीत हिरवा रंग चढवायचा, पितळी टोपणे आरशासारखी घासायची आणि 'कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा हे असेच होते' असे छाती फुगवून सांगायचे, ही या गटाची रीत. याला ते रिस्टोरेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला जीर्णोद्धार असा भारदस्त शब्द आहे, आणि ज्याला जुन्या देवळांची माया आहे त्याच्या पोटात तो शब्द ऐकताच गोळा उठतो. माझे म्हणणे असे की, हा जीर्णोद्धार म्हणजे पुराव्याचा नाश आहे. आणि तो या यंत्रांवर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या हातून होतो, म्हणून तो अधिक गंभीर आहे. भंगारवाल्याला दोष देऊन काय मिळणार? त्याने यंत्र जपण्याचे वचन कधी दिलेच नव्हते.

बागेतल्या एका अवजारासाठी पुरावा आणि पातक असले शब्द कशाला, असे कोणी विचारील. म्हणून हे यंत्र कोठून आले ते आधी पाहू.

ग्लॉस्टरशर परगण्यातले स्ट्राउडचे खोरे लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. सैनिकांच्या लाल डगल्यांचे कापड तेथे तयार होई, आणि त्या परगण्यातले कापड ईस्ट इंडिया कंपनी विकत घेऊन पूर्वेकडे पाठवी. पेशवाईतल्या कागदपत्रांत ज्यांना सकलाद आणि बनात हे शब्द भेटले असतील, त्यांना या विलायती कापडाची जात अगदीच परकी वाटू नये. असे कापड विणून, भिजवून, कुटून झाले की त्यावर तंतूंची लव उभी करतात आणि ती एकसारखी कातरतात. त्या कातरण्यातूनच त्याला तो मऊ, सपाट तुकतुकीतपणा येतो. हे काम पूर्वी कसबी कामगार प्रचंड मोठ्या कात्र्यांनी हाताने करीत. कातरण्याची यंत्रे आली तेव्हा आपली भाकर जाणार हे त्यांना तत्काळ कळले. १८१२ मध्ये यॉर्कशरच्या कामगारांनी ही यंत्रे हातोड्यांनी फोडली, आणि लडाइट म्हणून ज्यांची नावे इतिहासात गेली त्यांत हे कापड कातरणारे आघाडीवर होते. त्यांचा पराभव झाला. यंत्रे सुधारत गेली आणि एका दंडगोलावर मळसूत्री वळणाने बसवलेली पाती फिरत फिरत खालच्या स्थिर पात्याशी कात्रीसारखी भिडतात, अशी रचना रुळली.

एडविन बिअर्ड बडिंग (१७९६-१८४६) हा स्ट्राउडच्या खोऱ्यातला हुन्नरी यंत्रकार. कापडावरची लव आणि जमिनीवरचे गवत यांतले साम्य ओळखून त्याने तीच रचना रुळावर बसवली आणि हँडल लावून जमिनीवर उतरवली. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळाले. जॉन फेराबी या भागीदाराच्या थ्रप येथील कारखान्यात यंत्रे तयार होऊ लागली, आणि १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनेही परवाना घेऊन ती बनवायला सुरुवात केली. आजचा कोणताही सिलिंडर मोअर उलटा करून पाहावा. फिरणारी पाती, स्थिर पाते आणि त्यांतले कागदभर अंतर, सगळे बडिंगचेच आहे. लोक हसतील म्हणून बडिंग रात्री गुपचूप यंत्र चालवून पाही, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असो वा खोटी, हसणारे तेव्हापासून आहेत एवढे खरे.

या यंत्रापूर्वी हिरवळ राखणे म्हणजे लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी फिरवायचा विळा चालवणाऱ्या माणसांचे काम होते. दव असताना गवत ताठ आणि कापायला सोपे असते, म्हणून ही माणसे पहाटे कामाला लागत. एका रांगेत, एका लयीत विळे फिरवायचे, मागे बायकामुलांनी गवत गोळा करायचे. मोठ्या घरांच्या हिरवळी अशा पहाटेच्या मजुरीवर उभ्या होत्या. बडिंगच्या पेटंटच्या मसुद्यात मात्र असे सुचवले आहे की, खेड्यातल्या सभ्य गृहस्थांना स्वतः हे यंत्र चालवण्यात करमणूक आणि आरोग्यदायी व्यायाम मिळेल. या वाक्याचा संग्राहकांना फार लळा आहे. ते जेथे तेथे उद्धृत करतात. पुढे प्रत्यक्षात काय झाले? पुढची सुमारे शंभर वर्षे ही यंत्रे ढकलली ती माळ्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांनी, ओढली ती तट्टांनी आणि गाढवांनी. आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने १८४२ मध्ये तट्टू जोडायचे मोठे यंत्र आणले. (इंग्रजीत पायी चालण्याला 'शँक्सचे तट्टू' म्हणतात ते या यंत्राच्या मागे चालावे लागे म्हणून, असे हौशी लोक सांगतात. ते चूक आहे. शँक म्हणजे तंगडी. वाक्प्रचार स्कॉटलंडात आधीच्या शतकापासून आहे.) खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून तट्टाला चामड्याचे बूट चढवीत. भारतातल्या क्रिकेटच्या मैदानांवर आणि सरकारी बंगल्यांच्या हिरवळींवर हेच यंत्र बैलांच्या मागे लागले. सभ्य गृहस्थ व्हरांड्यात होते.

पुढचा इतिहास थोडक्यात. लीड्सच्या थॉमस ग्रीनने गिअरऐवजी साखळी वापरून आवाज कमी केला आणि आपल्या यंत्राला 'सायलेन्स मेसर', म्हणजे लॅटिनमध्ये 'मूक कापणारा', असे नाव दिले. १८९३ मध्ये लेलंडच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणाऱ्या मोअरचे पेटंट घेतले; पुढे लेलंडच्या मालमोटारींचा जो उद्योग उभा राहिला त्याचे मूळ याच घराण्यात आहे. १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारा मोअर विक्रीस काढला. १९२१ मध्ये बर्मिंगहॅमच्या चार्ल्स प्यू यांच्या कंपनीने 'अ‍ॅटको' आणला आणि पहिल्याच वर्षी नऊशे विकले. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये सुमारे ४० लाख नवी घरे झाली, बहुतेकांच्या पुढेमागे हातरुमालाएवढी हिरवळ आली, आणि डर्बीच्या क्वालकास्टसारख्या कंपन्यांनी हाताने ढकलायचे स्वस्त मोअर घरोघर पोचवले. बडिंगच्या मसुद्यातला स्वतः गवत कापणारा गृहस्थ अखेर अवतरला तो असा, पण तो कारकून किंवा कारखान्यातला फोरमन होता आणि त्याला माळी परवडत नव्हता.

एक गोष्ट साहित्याच्या वाचकांसाठी. 'मोअर' या इंग्रजी शब्दाचा अर्थ बडिंगच्या आधी केवळ 'गवत कापणारा माणूस' असा होता. सतराव्या शतकातला कवी अँड्र्यू मार्व्हेल याच्या, मृत्यूनंतर १६८१ मध्ये छापल्या गेलेल्या, चार कविता या मोअरच्या आहेत. एकीत तो बागांच्या कृत्रिमपणावर आग पाखडतो, दुसरीत प्रेमाच्या तंद्रीत स्वतःच्याच विळ्याने स्वतःचा घोटा कापून घेतो. १८३० नंतर शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला. मार्व्हेल हल शहराचा पार्लमेंटातला प्रतिनिधी होता. त्याच हलमध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल असलेल्या फिलिप लार्किनने १९७९ मध्ये 'द मोअर' ही कविता लिहिली. त्याच्या मोअरखाली एक हेजहॉग, साळिंदराची आठवण करून देणारा एक लहानसा काटेरी प्राणी, सापडून मेला होता. त्या शीर्षकातला मोअर कोण? यंत्र की ते ढकलणारा कवी? मारले कोणी? तीनशे वर्षांत एका शब्दाने माणूस टाकून यंत्र धरले, आणि लार्किनच्या अपराधभावनेत तो माणूस पुन्हा त्या शब्दात शिरला. संग्राहकांच्या पुढे असलेला प्रश्न मला हाच वाटतो. लोखंडात तो माणूस अजून आहे. त्याला ठेवायचे की घासून टाकायचे?

'लोखंडात माणूस आहे' हे लालित्य म्हणून लिहिलेले नाही. न घासलेला जुना मोअर घ्या आणि वाचायला बसा. सिलिंडरच्या पात्यांना दर वेळी धार लावताना धातू झिजतो, म्हणून सिलिंडरचा व्यास मोजला आणि मूळ मापाशी ताडला की हे यंत्र किती राबले याचा अंदाज बांधता येतो. खालचे स्थिर पाते एकाच टोकाला अधिक खाल्लेले असेल, तर यंत्र वर्षानुवर्षे तिरपे जुळवलेले होते. म्हणजे ते जुळवायला जाणकार हात नव्हता किंवा वेळ नव्हता. मुठी पाहाव्यात. लाकूड उजवीकडे अधिक गुळगुळीत असते, डावीकडे कमी. गवताच्या पेटीचे पत्रे गंजले की त्यावर बिस्किटांच्या डब्याचे ठिगळ रिबेटांनी मारलेले असते. बीड ठिसूळ असते, दगडावर आपटले की तडकते. तडकलेली बाजूची चौकट लोखंडी पट्टी आणि चार बोल्ट यांनी बांधलेली मी पाहिली आहे, आणि ते बोल्ट चार वेगवेगळ्या मापांचे होते. ज्याने ते बसवले त्याच्याकडे दुकानात जायला सवड नव्हती किंवा पैसे नव्हते. शेडमधल्या डब्यात जे सापडले ते त्याने वापरले. कोठल्या रोजनिशीत हे लिहिलेले नाही. माळ्यांनी रोजनिशा ठेवल्याच असतील तर त्या पेरणीच्या आणि फुलांच्या. यंत्राशी त्यांचे जे झाले ते यंत्रावरच लिहिले गेले.

माझ्या शेडमधल्या एका हातमोअरच्या दांड्यावर सुतळी गुंडाळलेली आहे, आणि ती मुठीवर नसून मुठीच्या वीतभर खाली आहे. मला याचा उलगडा बरेच दिवस होत नव्हता. मग एका मेळाव्यात एका वृद्ध गृहस्थांनी सहज सांगितले की, पोराला यंत्र ढकलायला लावायचे तर त्याचा हात मुठीपर्यंत पोचत नसे, म्हणून खाली असे गुंडाळीत. हे अनुमान आहे, सिद्ध झालेले सत्य नव्हे, हे मान्य. पण सुतळी तेथे आहे म्हणून अनुमान शक्य आहे. या यंत्राचा आधीचा धनी ते 'पूर्ण रिस्टोअर' करणार होता. पैसे कमी पडले म्हणून राहिले.

आता जीर्णोद्धार करणाऱ्यांचे मुद्दे घेऊ. ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा असा की, यंत्राचा अर्थ त्याच्या चालण्यात आहे. न चालणारा मोअर म्हणजे बागेत टाकलेले लोखंड. मला हे मान्य आहे, उत्साहाने मान्य आहे. पण मोअर गवत कापतो तो पात्यांनी, रंगाने नव्हे. सिलिंडरच्या दांड्याला हँडल जोडून तो उलटा फिरवावा, पात्यांना कुरुंदाची पेस्ट लावावी, पाती एकमेकांना घासून जुळू द्यावीत. मग वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पात्यांमध्ये धरून पाहावी. सबंध रुंदीवर ती कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ कापली गेली की यंत्र तयार. बेअरिंगे धुऊन ग्रीस भरावे, साखळीला तेल द्यावे. हे सगळे एका रविवारात होते आणि यासाठी रंगाचा एक टवकाही काढावा लागत नाही. तेव्हा 'चालते केले' या सबबीखाली रंगकाम खपवू नये.

दुसरा मुद्दा गंजाचा. गंज थांबवला नाही तर जपायला काही उरणारच नाही, हे खरे. पण गंज दोन जातींचा असतो हे ज्याने वर्षभर जरी हा छंद केला त्याला ठाऊक असते. पापुद्रे सुटणारा, नारिंगी, जिवंत गंज खातो. तो काढलाच पाहिजे. घट्ट बसलेला, तपकिरी, जवळजवळ काळा पडलेला थर तेल किंवा मेण पुसून कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून गंज काढण्याची युक्ती सध्या सगळ्यांच्या आवडीची आहे, आणि गंजून जाम झालेल्या नटासाठी ती उत्तम आहे. पण त्याच पाण्यात जुना रंगही सुटतो, हे सांगायचे राहून जाते. सबंध चौकट पिंपात बुडवणारा माणूस गंज काढत नसतो, तो इतिहास उकडून काढत असतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. जुने माळी आणि दुकानदार स्वतःच दर हिवाळ्यात यंत्राची डागडुजी करीत आणि त्याला रंग देत. अ‍ॅटकोने तर देखभालीसाठी देशभर स्वतःच्या शाखा काढल्या होत्या. मग नवा रंग देणे हीच परंपरा नव्हे काय? आहे. पण त्या माणसाने रंग दिला तो आधीच्या रंगावर. त्याला धातू वाचवायचा होता, प्रदर्शनात चषक मिळवायचा नव्हता. म्हणून जुन्या मोअरच्या कडेला टवका उडालेला असतो तेथे भिंगातून पाहिले तर वर गडद हिरवा, त्याखाली पोपटी, त्याखाली कधी युद्धकाळात हाताशी असलेला करडा आणि तळाशी कारखान्याचा मूळ रंग, असे थर दिसतात. हे झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे आहे. सँडब्लास्टिंग करणारा या परंपरेचा पुढचा दुवा नाही. तो तिचा सगळा हिशेब पुसून पाटी कोरी करणारा आहे. एखाद्याने जुन्या थरांवर, ते न खरवडता, आपलाही एक थर दिला तर त्याच्याशी माझे भांडण नाही. तसे करणारा मला अजून भेटायचा आहे, कारण खालचा खडबडीतपणा वर दिसतो आणि तो त्यांना नको असतो.

आणि मग येते मूळ रूपाची गोष्ट. कारखान्यातून बाहेर पडले तेच खरे रूप, बाकी सगळी मोडतोड, ही समजूत या पंथात धर्मवचनासारखी आहे. साहित्याच्या वाचकाला ही समजूत ओळखीची वाटेल. कवीच्या हातची आद्य प्रत तेवढी खरी, नंतरच्या लेखकूंनी, कीर्तनकारांनी, गाणाऱ्यांनी जे केले तो सगळा भ्रष्ट पाठ, असे मानणारे संपादक आपल्याकडे होऊन गेले. पण त्यांतला कितीही कट्टर संपादक घ्या, त्याने आपला शुद्ध पाठ सिद्ध झाल्यावर जुनी पोथी धुऊन त्याच पानांवर नवा मजकूर लिहिला नाही. पोथी वेगळी राहिली, छापील पुस्तक वेगळे झाले. ज्याला शंका आली त्याला पोथी पाहण्याची सोय राहिली. मोअरच्या बाबतीत पोथी आणि आवृत्ती एकच वस्तू आहे. तेथे 'शुद्ध पाठ' तयार करायचा तर पोथी नष्ट करूनच तो करावा लागतो.

शिवाय मूळ रूपही हाती लागत नाहीच. वाळूच्या साच्यात ओतलेल्या बिडाला एक रवाळ पोत असतो. तो पुट्टी भरून गुळगुळीत करतात. कारखान्यात लांब केसांच्या कुंचल्याने हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा हातासारख्या हलत्या होत्या. आता चिकटपट्टी लावून सरळसोट रेघ मारतात. पावडर कोटिंगचा जाड थर ओतीव अक्षरांच्या कडा बुजवतो. हिरव्यातला कोणता हिरवा, हे बहुधा डोळ्याला बरे वाटेल त्यावरून ठरते; रॅन्सम्सची कागदपत्रे रेडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहेत, पण तेथे जाऊन पाहण्यापेक्षा दुकानातला डबा जवळ असतो. व्हिओले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुकाराने आपल्या वास्तुकोशात रिस्टोरेशनची व्याख्याच अशी केली होती की, वास्तूला अशी परिपूर्ण अवस्था द्यायची जी कदाचित कोणत्याही एका काळी अस्तित्वात नसेलही. तो निदान प्रामाणिक होता. आपले मित्र हेच करतात आणि वर 'अगदी मूळचे' अशी पाटी लावतात.

या वादाचा निकाल इंग्लंडात एकदा लागलेला आहे, हेच तर आश्चर्य. रस्किनने १८४९ मध्येच इमारतींच्या रिस्टोरेशनला विनाश म्हटले होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुन्या चर्चांच्या भिंती खरवडून 'मूळ' दगड उघडा करणाऱ्यांविरुद्ध ती उभी होती, म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' असे टोपणनाव पडले. खरवडू नका, गळके छप्पर दुरुस्त करा, रोजची काळजी घ्या, आणि नवे जोडाल ते नवे म्हणून दिसू द्या, असा तिचा सारांश. (त्याच १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली, आणि ती हिरवळीवर फिरवायच्या तट्टाच्या रुळाच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून भरवली असे सांगतात. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) मॉरिसच्या देशात, गवताच्या यंत्रांच्या बाबतीत, दीडशे वर्षांनी व्हिओले-ल-द्युक जिंकतो आहे. आपण मात्र यावर फार मान डोलवू नये. काळ्या पाषाणाच्या मंदिरांना गुलाबी-निळा ऑइलपेंट फासणारे आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसवणारे विश्वस्त याच वृत्तीचे आहेत. फरक एवढाच की त्यांना निदान देव तरी पुढे करता येतो.

कोणी म्हणेल, क्वालकास्टचे साधे हातमोअर ढिगाने पडले आहेत. त्यांतला एखादा चमकवला तर जगाचे काय बुडाले? ढिगाने आहेत म्हणूनच बुडते. बडिंगच्या रचनेचे आद्य यंत्र हाती आले तर त्याला रंगाचा ब्रश लावायची कोणाची छाती नाही. तशी यंत्रे लंडनच्या सायन्स म्यूझियममध्ये आणि स्ट्राउडच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. पण ज्या यंत्राने कारकुनाच्या घराची हिरवळ राखली, ज्याला त्याच्या विधवेने पुढे वीस वर्षे ढकलले, ते 'सामान्य' आहे म्हणून सराव करायला घेतात. सामान्यांचा इतिहास सराव करायला मोकळा, हा न्याय नवा नाही.

साउथपोर्टच्या संग्रहालयात प्रसिद्ध व्यक्तींच्या लॉनमोअरचा एक विभाग आहे. तेव्हा राजपुत्र असलेले चार्ल्स आणि डायना यांचा मोअर तेथे आहे, नटांचे आणि गायकांचे आहेत. लोक ते आवडीने पाहतात, आणि या विभागाबद्दल माझी तक्रार नाही. उलट तो माझीच बाजू मांडतो. त्या यंत्रांना तेथे जागा का मिळाली? कोणाच्या तरी हातात ती होती म्हणून. त्यांतले एखादे पूर्ण सुटे करून, घासून, रंगवून ठेवले तर प्रेक्षक विचारील, मग यात त्या माणसाचे काय उरले? हा प्रश्न राजपुत्राच्या मोअरबद्दल सुचतो आणि माळ्याच्या मोअरबद्दल सुचत नाही.

जीर्णोद्धार करणाऱ्यांचे कसब मी नाकारत नाही. तुटलेल्या दातेरी चाकाचा लाकडी साचा करून नवे चाक ओतून घेणे, बीड न तडकवता ब्रेझिंग करणे, ही विद्या आज फार थोड्यांजवळ आहे, आणि ती या छंदाने जिवंत ठेवली आहे. ते कसब नव्या भागावर खर्च व्हावे. नवे चाक खुशाल बसवा, आतल्या बाजूला साल ठोका, जुने तुटके चाक डब्यात घालून यंत्राबरोबर ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या. ठिगळे, सुतळ्या, वेगवेगळ्या मापांचे बोल्ट यांची वहीत नोंद करा. मूळ विक्रेत्याची छाप चौकटीवर असते, बहुधा एखाद्या लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाची. त्या दुकानाची दुसरी कोणतीही निशाणी उरलेली नसण्याचा संभव मोठा असतो. ती छाप वाचवा. लिलावात चमकत्या यंत्राला अधिक भाव येतो, हे मला ठाऊक आहे. भाव ठरवतात तेही आपणच, मेळाव्यात उभे राहून 'वा, नव्यासारखे' म्हणणारे.

आपल्या इकडचा प्रश्न यातून वेगळा निघतो. एखाद्या जिमखान्याच्या किंवा जुन्या बंगल्याच्या कोठारात बैलांनी ओढायचा मोअर पडलेला असू शकतो. तट्टासाठी केलेल्या इंग्रजी यंत्राला बैल जोडायचे तर जुवापर्यंत पोचणारी दांडी हवी; ती बसवणारा लोहार इथला, तिचे लोखंड इथले. असे यंत्र उद्या एखाद्या इंग्रज संग्राहकाच्या हाती, किंवा त्याचे पाहून शिकलेल्या पुणेकराच्या हाती लागले, तर पहिल्यांदा काय निघेल? ती दांडी, कारण ती कॅटलॉगात नाही. मग चौकट सँडब्लास्टिंगला जाईल, रॅन्सम्सचा किंवा शँक्सचा हिरवा रंग चढेल, सोनेरी रेघा येतील. दांडी भंगारात किलोच्या भावाने जाईल.